फेसलिफ्ट करायचं खरं, पण कधी? एका पार्लरवालीचा हिशोब

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं पार्लर आहे, पंचवीस वर्षं होऊन गेली. एवढ्या वर्षांत एक गोष्ट किती वेळा बघितली त्याला गणती नाही. पन्नाशीच्या आसपासची बाई खुर्चीत बसते, मी गळ्याभोवती टॉवेल लावून क्रीम आणायला वळते, तेवढ्यात ती दोन्ही हातांची बोटं कानाजवळ ठेवून गाल हळूच मागं ओढते आणि आरशात मी बघतेय हे दिसलं की पटकन सोडते. मग हसत म्हणते, "ताई, एवढंच हवंय बघा, एवढं झालं की बास."

मी पण तेच करायचे की. फरक एवढाच की मी शेवटी खरंच फेसलिफ्ट केलं, ५६ व्या वर्षी. खरं तर ५१ व्या वर्षीच करणार होते, पैसे बाजूला काढून ठेवलेले, आणि आज वाटतं तेव्हा झालं नाही तेच बरं झालं. आता गिऱ्हाइकं विचारतात "आम्ही कधी करायचं?" आणि सगळ्यांना वाटतं मी एखादा वयाचा आकडा सांगणार. वय यात येतं पण सगळ्यात शेवटी येतं. त्याच्या आधी तुमचं बीपी, तुमचे दात, तुमची तंबाखू आणि तुमच्या घरातली लग्नं येतात. मी डॉक्टर नाही, त्यामुळं शेवटचा शब्द तुमच्या सर्जनचाच, पण ज्या क्रमानं मी विचार करायला हवा होता तो क्रम इथं लिहून ठेवते.

पायरी १: नक्की काय उचललं जातं ते आधी समजून घ्या

फेसलिफ्ट हे चेहऱ्याच्या खालच्या भागाचं आणि मानेचं काम आहे. जबड्याच्या कडेला जे पिशवीसारखं लोंबतं ते, हनुवटीखालची सैल कातडी, मानेवरच्या उभ्या दोऱ्या. छेद साधारण कानाच्या वर केसांतून सुरू होतो, कानाच्या पुढून खाली येतो, पाळीखालून वळसा घेतो आणि मागं केसांत जातो. काही वेळा हनुवटीखाली एक छोटा छेद वेगळा असतो.

आता आत काय करतात हे महत्त्वाचं. कातडीखाली चरबी आणि त्याखाली एक चिवट थर असतो, सर्जन त्याला स्मास म्हणतात, दोन फ्रेंच डॉक्टरांनी १९७६ साली त्याचं नीट वर्णन केलं. त्याच्या आधी बराच काळ नुसती कातडी ओढून जादाची कापून टाकायचे. उशीतला कापूस खाली उतरलाय आणि तुम्ही नुसती खोळ ताणून शिवली तर काय होईल? दोन दिवस बरी दिसेल, मग कापूस पुन्हा खाली आणि खोळ मात्र ताणलेली. वाऱ्यात उभं राहिल्यासारखे ते ताणलेले चेहरे आणि खाली ओढल्या गेलेल्या कानाच्या पाळ्या अशा नुसत्या कातडीच्या ओढाताणीतनं येतात. आता चांगला सर्जन आतला थर उचलून बांधतो आणि कातडी वरून जवळजवळ ताण न देता बसवतो. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा, "आतल्या थराचं काय करणार?"

आणि काय होत नाही ते पण ऐका. कपाळाच्या आठ्या जात नाहीत, डोळ्यांखालच्या पिशव्या जात नाहीत, ओठांवरच्या बारीक रेषा, वांग, खड्डे, यातलं काहीच फेसलिफ्टनं जात नाही. त्यासाठी वेगळे उपाय आहेत, काही फेसलिफ्टबरोबर करता येतात. पण वांगासाठी फेसलिफ्ट करायला निघालेली बाई मी स्वतः बघितलीय, म्हणून सांगते.

पायरी २: घरच्या आरशात तीन तपासण्या

पहिली, दोन बोटं कानाच्या पुढं ठेवा आणि कातडी फक्त एक सेंटीमीटर मागं-वर सरकवा, जास्त नाही, आपण सगळ्या जास्तच ओढतो. तेवढ्यानं जबड्याची रेघ स्पष्ट झाली आणि तुम्हाला समाधान वाटलं तर तुमची तक्रार फेसलिफ्टची आहे. एवढं करूनही नजर डोळ्यांखालीच जात असेल तर नाही.

दुसरी, पाठीवर झोपा आणि हातातला आरसा वर धरून बघा. झोपल्यावर सैल भाग मागं जातो, त्यामुळं लिफ्ट झाल्यावर कसं दिसेल याची ढोबळ कल्पना येते. तिसरी, हनुवटीखाली चिमूट घ्या. हातात पातळ कातडी येते की जाड गादी येते? जाड गादी असेल आणि कातडी अजून घट्ट असेल तर तिथली चरबी काढून भागतं का हे डॉक्टरांना विचारा, ते काम लहान आहे.

मला माझं कळलं ते कोल्हापुरी साजामुळं. पुतण्याच्या लग्नात हौसेनं साज घातलेला, फोटो आले तर साजाच्या वर मानेची कातडी अशी घड्या घालून बसलेली, जशी काही तीही दागिनाच आहे. मोबाईलच्या सेल्फीवर मात्र विश्वास ठेवू नका, जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि चेहरा वेगळाच दिसतो. दुसऱ्याला चार-पाच फूट लांबून समोरून आणि दोन्ही बाजूंनी काढायला सांगा, खिडकीच्या उजेडात. ते फोटो जपून ठेवा, डॉक्टरकडं लागतात.

पायरी ३: सैलपणाचं दुसरं कारण आहे का बघा

ही पायरी लोक सरळ उडवतात. दाढा काढून तशाच ठेवल्यात का? पन्नाशीतल्या किती बायकांच्या मागच्या दाढा नसतात, मी फेशियल करताना बोटांना कळतं, गाल आत गेलेला असतो, ओठाचा कोपरा खाली आलेला असतो. आधार आतनंच गेलाय तर वरनं किती उचलणार? कवळी, इम्प्लांट, ब्रिज जे काय असेल ते आधी पुरं करा, नाही तर ऑपरेशननंतर तोंड मोठं उघडून तासन्‌तास डेंटिस्टच्या खुर्चीत बसायची वेळ येते आणि ते पहिले काही आठवडे नकोच.

वजन. सध्या हा विषय फार आहे कारण मोंजारो ही वजन उतरवायची इंजेक्शनं भारतात मार्च २०२५ मध्ये आली आणि तेव्हापासून इंजेक्शन घेणाऱ्या बायका माझ्याकडं चेहरा दाखवायला येतात, वजन भराभर उतरलं की गाल रिकामे होतात. वजन उतरतंय तोवर फेसलिफ्ट करू नका. आज घट्ट केलेलं आणखी सात-आठ किलो गेल्यावर पुन्हा सैल होईल. वजन साधारण सहा महिने एका जागी राहू दे, मग बघा. आणि असली इंजेक्शनं चालू असतील तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना न विसरता सांगा, कारण त्यामुळं पोट उशिरा रिकामं होतं आणि भुलीत ते धोक्याचं असतं.

थायरॉईड कमी काम करत असेल तर चेहरा सुजल्यासारखा, जड दिसतो, एक रक्ताची तपासणी करून टाका. मानेत गाठ लागत असेल तर ती आधी दाखवा. आणि एकाच बाजूचं तोंड अचानक वाकडं झालं, खाली आलं, तर तो फेसलिफ्टचा विषयच नाही, त्याच तासाला दवाखाना गाठा.

पायरी ४: का करायचंय ते एका वाक्यात लिहा

लिहा म्हणजे खरंच कागदावर लिहा. "मला आरशात मी दमलेली दिसते आणि मी दमलेली नाही" हे कारण चालतं. "ह्यांनी सांगितलं" हे चालत नाही. "अमक्या हिरॉइनसारखी दिसेन" पण नाही. नवरा जाऊन चार महिने झालेत, घटस्फोट चाललाय, नोकरी नुकतीच सुटलीय, अशा वेळी तर अजिबात नको, निदान वर्षभर जाऊ दे. दुःखात माणसाला काहीतरी बदलायचं असतं आणि चेहरा हाताशी असतो. दिवसातले तासभर आरशासमोर जात असतील, लोकांना न दिसणारा दोष तुम्हाला रोज दिसत असेल, त्यापायी बाहेर जाणं बंद झालं असेल, तर आधी मानसोपचार तज्ज्ञांना भेटा, ऑपरेशननं ते थांबत नाही, फक्त दुसऱ्या दोषावर जातं.

माझं ५१ व्या वर्षीचं कारण होतं मुलीचं लग्न. सहा आठवड्यांवर लग्न आणि मी एका मोठ्या शहरातल्या क्लिनिकमध्ये. तिथं डॉक्टर पाच मिनिटं भेटले, बाकी पाऊण तास एक गोड बोलणारी मुलगी कॉम्प्युटरवर माझा चेहरा ओढून दाखवत होती आणि "मॅडम, आज बुकिंग केलंत तर डिस्काउंट". मी दिले की पैसे! आमचे हे गाडीत बसून होते, बाहेर आल्यावर म्हणाले "बीपी तरी बघितलं का गं कुणी?" नव्हतं बघितलं. मग ओळखीनं दुसऱ्या सर्जनकडं गेलो, तिथं बीपी १६० भरलं आणि त्यांनी विचारलं लग्न कधी. सांगितलं. ते म्हणाले, "मग लग्न होऊ दे. फोटोत सुजलेली आई कशाला?" पहिल्या ठिकाणचे पैसे परत मिळाले नाहीत, ती माझी शिकवणीची फी समजते.

पायरी ५: शरीर तयार आहे का

इथं मी जरा लांबण लावणार आहे, कारण "कधी" याचं खरं उत्तर इथंच आहे.

आधी मिश्री. होय, मी लावायचे. माहेर कागल तालुक्यातलं, आई लावायची, आजी लावायची, लग्नाआधीपासून सवय, पार्लर टाकलं तरी पहाटे न्हाणीत गुपचूप चालूच. डॉक्टरांनी विचारलं "स्मोकिंग?" मी म्हटलं "छे हो!" आणि खोटं पण नव्हतं ते. त्यांनी पुढं विचारलं "गुटखा, तपकीर, मिश्री?" तेव्हा मान खाली गेली. कोल्हापूर सांगली साताऱ्याकडच्या किती बायका असं सांगायच्या राहत असतील, त्यांना मिश्री म्हणजे तंबाखू वाटतच नाही, दात घासायची वस्तू वाटते. पण ती भाजलेली तंबाखूच आहे आणि हिरडीतनं निकोटिन रक्तात जातंच.

निकोटिनचं एवढं का? फेसलिफ्टमध्ये कातडी खालच्या थरापासून सोडवतात, मग ती काही दिवस कडेच्या बारीक रक्तवाहिन्यांवर जगते. निकोटिननं त्याच वाहिन्या आवळतात. मग कानामागची किंवा कानापुढची कातडी काळी पडून मरू शकते, तिथं जखम राहते आणि मोठा व्रण येतो. म्हणून आधी कमीत कमी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद, बरेच सर्जन यापेक्षा जास्त सांगतात. सिगारेट, विडी, गुटखा, मावा, तपकीर, मिश्री सगळं. निकोटिनच्या गोळ्या आणि पट्ट्या पण त्यातच धरा, त्यांच्यातही निकोटिनच असतं. काही ठिकाणी लघवीची तपासणी करून बघतात, त्यामुळं लपवून उपयोग नाही, आणि लपवून फसवणार कुणाला, कातडी आपलीच आहे. मला मिश्री सुटायला आठ महिने लागले. दोनदा सोडून धरली. म्हणून म्हणते, तारीख आधी घेऊन मग सोडू नका, आधी सोडा, दोन-तीन महिने टिकतंय का बघा, मग तारीख घ्या.

दुसरं बीपी. फेसलिफ्टनंतर सगळ्यात जास्त होणारी भानगड म्हणजे कातडीखाली रक्त साचणं, बहुतेक वेळा पहिल्या २४ तासांत होतं. चढलेलं बीपी हे त्याचं मोठं कारण. पुरुषांमध्ये हे जास्त होतं, दाढीच्या मुळांमुळं तिथं रक्तपुरवठा जास्त असतो. (पुरुष विचारत नाहीत असं समजू नका, दोघं-तिघं बायकोच्या फोनवरनं विचारून गेलेत.) बीपी गोळीनं महिनोन्‌महिने आटोक्यात पाहिजे, आदल्या दिवशी एकदा नॉर्मल आलं म्हणून नाही.

साखर असेल तर तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी डॉक्टरांना हवी तेवढी खाली आणा, साखर जास्त असली की जखम भरत नाही आणि जंतुसंसर्ग होतो. रक्त पातळ करणाऱ्या गोष्टींची यादी करा आणि यादीच न्या: ॲस्पिरिन, अंगदुखीच्या गोळ्या, व्हिटॅमिन ई, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, लसणाच्या गोळ्या, शेजारणीनं दिलेला काढा. बऱ्याचशा दोनेक आठवडे आधी बंद करायला सांगतात. पण हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ती स्वतःच्या मनानं बंद करायची नाही, हार्टच्या डॉक्टरांना विचारूनच.

आणि एक माझ्या धंद्यातलं. बुगडीचं भोक पाडल्यावर तिथं टणक गाठ आली होती का? नाकाला, पाळीला, लसीच्या जागेला? ती केलॉइडची, म्हणजे व्रण वाढत जाऊन गाठ बनायची, प्रवृत्ती असू शकते, आपल्या कातडीत ते बऱ्यापैकी दिसतं, आणि फेसलिफ्टचा छेद कानाभोवतीच जातो. सर्जनला ती गाठ दाखवा. आपल्या सावळ्या रंगात छेदाची रेघ काही महिने काळपट पण राहू शकते, उन्हात गेलं तर जास्तच.

पायरी ६: कॅलेंडर काढा, तेही भिंतीवरचं

आधी किती दिवस लागतात ते बघा. ऑपरेशन साधारण दोन ते पाच तासांचं, किती काम आहे त्यावर. एखादी रात्र किंवा दोन रात्री दवाखान्यात. आत साचणारं रक्त-पाणी बाहेर यायला नळी लावली असेल तर ती एक-दोन दिवसांत काढतात. कानापुढचे टाके पाचव्या ते सातव्या दिवशी, केसांतले अजून थोडे उशिरा. सूज आणि निळेपणा ओसरायला दोन-तीन आठवडे. जड उचलणं, वाकून काम, जिम, हे चार ते सहा आठवडे बंद. चेहरा खरा बसायला तीन ते सहा महिने आणि छेदाची रेघ फिकट व्हायला वर्ष पण जातं.

आता हे कोल्हापूरच्या वर्षात बसवा. घरात लग्न असेल तर तीन महिने आधी ही कमीत कमी, सहा महिने मिळाले तर उत्तम. चैत्र-वैशाखात नको, घाम येतो, जोतिबाची यात्रा असते, छेद अजून ताजा आहे आणि तुम्ही गुलालात उभ्या, कसं चालेल? जुलै-ऑगस्टमध्ये सर्जन कोल्हापुरातलाच असेल तर ठीक, पण पुण्या-मुंबईत करणार असाल तर २०१९ आणि २०२१ आठवा, पंचगंगा चढली आणि हायवे बंद. टाके काढायची तारीख पाणी ओसरायची वाट बघत नाही. गणपती, नवरात्र, दिवाळी यात घरातल्या बाईला तीन आठवडे कोण बसू देणार, शेतीवाल्या घरात तर पुढं ऊसतोड सुरू होते.

मला विचाराल तर पौष. लग्नाचे मुहूर्त नाहीत, पाहुणे नाहीत, थंडी आहे, गळ्याभोवती मफलर घेतला तर कुणी विचारत नाही. सासूबाई म्हणाल्या "पौषात कुठलं चांगलं काम सुरू करतात होय?" म्हटलं "आई, चांगलं काम कुठं आहे, ऑपरेशन आहे." त्यावर गप्प.

आणि हो, त्या तीन आठवड्यांत घरात कोण असेल ते नावानिशी ठरवा. पहिले दोन दिवस सोबत माणूस पाहिजेच. डोकं उंच ठेवून पाठीवर झोपायचं, दोन आठवडे. खाली वाकायचं नाही म्हणजे केर नाही, कपडे नाहीत, नातवाला उचलणं नाही. चावायला लागेल असं खायचं नाही, मऊ भात, खिमट, दही, गार झालेलं सूप, मीठ कमी. पांढरा रस्सा मला चौथ्या दिवशी मिळाला, कोमट आणि अळणी, त्याला पांढरा रस्सा म्हणायचं का हा वेगळा प्रश्न. हे सगळं होण्यासारखं नसेल तर तुमची वेळ अजून आली नाही, बाकी सगळं जुळलेलं असलं तरी.

पायरी ७: सर्जन शोधणं

पाटीवर "कॉस्मेटिक" लिहिलंय म्हणून जाऊ नका. जनरल सर्जरीतलं एमएस करून पुढं प्लास्टिक सर्जरीतलं एमसीएच, किंवा प्लास्टिक सर्जरीतलं डीएनबी, हे बघा. रजिस्ट्रेशन नंबर विचारा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर तपासा, यात लाज कसली, आपण भाजी घेताना सुद्धा उलटून बघतो. निदान दोघांना भेटा.

विचारायचे प्रश्न: वर्षाला किती फेसलिफ्ट करता? आपल्यासारख्या कातडीच्या पेशंटचे वर्षभरानंतरचे फोटो आहेत का, कानामागचे पण? भूल कोण देणार आणि ते पूर्ण वेळ थांबणार का? ऑपरेशन कुठल्या हॉस्पिटलात, तिथं आयसीयू आहे का? आणि माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न, रात्री दोन वाजता एक गाल अचानक फुगला आणि दुखायला लागला तर फोन कोण उचलणार आणि किती वेळात येणार? या प्रश्नाला जो नीट उत्तर देतो त्याच्याकडं जा. मी पुण्यात केलं कारण भाची तिथं आहे, दहा दिवस तिच्याकडं राहिले. शहर मोठं म्हणून दुसऱ्या दिवशी २३० किलोमीटर गाडीत बसून घरी यायचं असलं काही करू नका.

धोके तेच सांगतील, पण चेहऱ्याच्या नसेला धक्का लागून ओठ किंवा भुवई हलायला त्रास होणं, हे कमी वेळा होतं आणि बहुतेकदा तात्पुरतं असतं, कधीतरी मात्र कायमचं राहतं. जो सर्जन "काही होत नाही हो" म्हणतो तिथनं चप्पल घालून निघा.

पायरी ८: पैसे

खर्च लाखांत जातो. मेडिक्लेम कॉस्मेटिक सर्जरीला मिळत नाही आणि वर जीएसटी लागतो. कोटेशन लेखी घ्या, त्यात सर्जन, भूल, थिएटर, खोली, तपासण्या, औषधं, चेहऱ्याचा पट्टा सगळं वेगवेगळं लिहिलेलं पाहिजे, आणि काही बिघडलं तर परत थिएटरमध्ये न्यायचा खर्च कुणाचा तेही. मुलाच्या फीचे किंवा सोनं गहाण ठेवून आणलेले पैसे असतील तर थांबा.

"मग ताई, दोरे घालून घेऊ? फिलर?" घ्या की (दोरे कातडीखालून घालून सैल भाग ओढून धरतात, फिलर म्हणजे कातडीखाली भरायचं इंजेक्शन), चाळिशीत सैलपणा थोडा असेल तर कदाचित तेवढ्यानंच भागेल. पण बोटॉक्स तीन-चार महिने, फिलर साधारण सहा महिने ते वर्ष-दीड वर्ष, विरघळणाऱ्या दोऱ्यांचा परिणाम पण तात्पुरताच. आणि लोंबलेला जबडा फिलर भरून उचलायला गेलं की चेहरा गुबगुबीत होत जातो. फेशियलचं तर मी माझ्याच धंद्याबद्दल सांगते, चमक येते, बरं वाटतं, झोप छान लागते, जबडा उचलत नाही. उचलतो म्हणून पैसे घेणारी असेल तर तिच्याकडं जाऊ नका, माझ्याकडं पण नाही.

पायरी ९: आता वय

बहुतेक लोक पंचेचाळीस ते पासष्टच्या मधे करतात. पन्नाशीच्या आत-बाहेर कातडीत अजून लवचिकपणा असतो, त्यामुळं फरक हळुवार दिसतो, लोकांना कळत पण नाही. साठीत फरक मोठा दिसतो. सत्तरीतही तब्येत ठणठणीत असेल तर करतात, वरची अशी सीमा नाही. परिणाम साधारण सात ते दहा वर्षं धरा, पण वय तर चालूच राहतं. म्हणून थोडंसंच लोंबतंय आणि मनात शंका आहे, तर वर्षभर थांबल्यानं काही बिघडत नाही. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच खिडकीत, तसेच फोटो काढा आणि शेजारी ठेवून बघा. दर वर्षी तेच दुखणं दिसत असेल, कागदावरचं कारण तेच असेल, तर मग पुढं जा.

पायरी १०: शेवटच्या दिवसापर्यंत "आज नको" म्हणायची तयारी

माझी पहिली तारीख दिवाळीनंतरची होती. केस आठवडाभर आधी रंगवून घेतले कारण नंतर चार-सहा आठवडे डाय लावता येत नाही. बॅग भरली, पुढून बटणं असलेले गाऊन, कारण डोक्यावरून काही घालायचं नसतं. दाखल झाले आणि बीपी १७०. पुन्हा बघितलं, १६५. सर्जन म्हणाले आज नाही. मी रडले हो, भाची समजूत घालत होती, आमचे हे बॅग उचलून परत गाडीत ठेवत होते. त्यांनी फिजिशियनकडं पाठवलं, गोळी बदलली, दोन महिने रोज वहीत बीपी लिहिलं आणि मग पौषात झालं ते सुरळीत झालं. पहिल्या रात्री नर्स दर थोड्या वेळानं टॉर्च मारून गाल बघून जायची तेव्हा कळलं त्या १७० ला ते का एवढे घाबरले होते.

अठराव्या दिवशी कोल्हापुरात आले. आपल्याकडं बायका गाडीवर बसताना डोळे सोडून सगळं स्कार्फनं गुंडाळतातच, त्यामुळं मी मागं बसून महाद्वार रोडला जाऊन आले असते तरी कुणाला पत्ता लागला नसता, पण हेल्मेट कानावर दाबतं म्हणून महिनाभर रिक्षाच. मास्क लावत असाल तर कानामागं अडकवायचा नको, डोक्यामागं बांधायचा घ्या. पार्लरमध्ये महिन्याभरानं बसायला लागले, तेही ड्रायर स्वतःच्या केसांना न लावता, कारण कानाभोवती बधिर असतं आणि भाजलं तरी कळत नाही. हा बधिरपणा बहुतेकांचा काही महिन्यांत जातो. माझा उजवीकडचा गेला. डाव्या पाळीला दोन वर्षं झाली तरी अजून अर्धवटच समजतं, कुडीची फिरकी आरशात बघूनच फिरवते.